कीड सीमा ओलांडते, नोंद मात्र सीमेवर अडते

गोव्याच्या स्वयंपाकघरात शिजणाऱ्या भाजीचा मोठा वाटा बेळगावच्या बाजारातून येतो. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून आलेले ट्रक पहाटे पणजी, म्हापसा आणि मडगावच्या बाजारांत रिकामे होतात. त्यामुळे बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यातील शेतांत काय घडते, हा गोमंतकीयांसाठी केवळ शेजारच्या राज्याचा विषय राहत नाही. तेथे एखादी नवी कीड आली आणि ती वेळेत ओळखली गेली नाही, तर शेतकरी हाताला लागेल ते औषध फवारतो. त्या फवारणीचा अंश पुढे कोणाच्या ताटात जातो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

बाहेरून येऊन स्थिरावणाऱ्या आणि स्थानिक पिकांना, जंगलांना वा पाणवठ्यांना हानी पोहोचवणाऱ्या जीवांना शास्त्रज्ञ ‘आक्रमक परकी प्रजाती’ म्हणतात. जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय व्यासपीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये जो अहवाल स्वीकारला, त्यानुसार माणसाच्या वावरामुळे नव्या प्रदेशांत स्थिरावलेल्या प्रजातींची जागतिक संख्या ३७ हजारांहून अधिक आहे. त्यांपैकी सुमारे साडेतीन हजार हानिकारक आहेत. या हानीचा जागतिक आर्थिक भार २०१९ साली ४२३ अब्ज डॉलरहून अधिक होता. आगमन रोखणे आणि ते झालेच तर लवकर ओळखून तेथेच आवरणे हा सर्वांत स्वस्त उपाय, हेही त्याच अहवालात स्पष्ट केले आहे. पण लवकर ओळखायचे कोणी? एका जिल्ह्यात कीटकशास्त्रज्ञ बोटांवर मोजण्याइतके असतात. शेत, बांध, ओढा आणि रान रोज पाहणारे लोक मात्र लाखोंनी असतात. जगभर या लोकांना शास्त्रज्ञांचे डोळे बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत. सीमाभागात हा प्रयत्न कोठे अडतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

सांगलीहून बेळगावला आलेला मावा

सीमाभागातील जुन्या ऊस उत्पादकांना २००२ साल विसरणे कठीण आहे. त्या वर्षी जुलैमध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी माव्याचा मोठा उद्रेक झाला. पानांच्या खालच्या बाजूस कापसासारखा पांढरा थर, वरच्या बाजूस चिकट स्रावावर वाढलेली काळी बुरशी आणि खुंटलेली वाढ अशी त्याची लक्षणे होती. काही महिन्यांतच तो बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांच्या उसात पोहोचला. हा मावा देशाला सर्वस्वी अपरिचित नव्हता, ईशान्य भारतात त्याची नोंद पूर्वीच झाली होती. परंतु कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला तो नवा होता आणि प्रारंभी कीटकनाशकांच्या फवारणीवरच भर राहिला. उंच वाढलेल्या उसात फवारा मारणे किती अवघड असते, हे ऊस लावणारा प्रत्येकजण जाणतो.

मावा आटोक्यात आला तो मुख्यतः त्याच्या नैसर्गिक शत्रूंमुळे. डायफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक माव्यावर तुटून पडतात. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने व अन्य संशोधन संस्थांनी हे मित्रकीटक वाढवून शेतांत सोडण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी माव्याच्या थरात फिरणारी अळी शत्रू आहे की मित्र, हे शेतकऱ्याला ओळखता येणे आवश्यक होते. मित्रकीटक दिसू लागलेल्या उसात फवारणी थांबवावी लागते. ज्या शेतकऱ्याने ती थांबवली, त्याने शास्त्रज्ञांच्या कामाला प्रत्यक्ष हातभार लावला. त्याला कोणी ‘स्वयंसेवक’ म्हटले नाही, इतकेच.

या प्रकरणाचा एक धडा आजही लागू पडतो. सांगलीच्या उसात जुलैमध्ये जे दिसले, ते बेळगावला पोहोचणार याचा अंदाज बांधायला फार मोठे शास्त्र लागत नव्हते. दोन्ही जिल्ह्यांतील शेते एकमेकांना लागून आहेत. ऊसतोड मजूर, बेणे, वाहने यांची ये-जा अखंड चालू असते. किडीने एकच सलग प्रदेश पाहिला. माणसांनी मात्र त्याची विभागणी दोन कृषी खात्यांत, दोन विद्यापीठांत आणि दोन भाषांत केलेली होती.

शिवमोग्याची अळी

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. अमेरिका खंडातील ‘स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा’ ही अळी २०१६ साली आफ्रिकेत आढळली आणि दोन वर्षांत तिने त्या खंडाचा बहुतेक भाग व्यापला. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोगा येथील कृषी व फलोत्पादन विज्ञान विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना ती मक्याच्या शेतात दिसली. ही भारतातील पहिली नोंद होती. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने जुलैअखेर देशाला सावधगिरीची सूचना दिली. सप्टेंबरपर्यंत ती महाराष्ट्रात मका आणि उसावरही आढळली होती. पुढच्या वर्षभरात मका पिकवणारी देशातील बहुतेक राज्ये तिच्या तडाख्यात आली, पार मिझोरामपर्यंत. या किडीचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. निपाणीपासून कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर आहे, बेळगाव पंचाहत्तर. पतंगाच्या दृष्टीने हे एका रात्रीचेही अंतर नव्हे.

या प्रकरणात एक आश्वासक गोष्ट घडली. महाराष्ट्रातील प्रादुर्भावाची पहिली शास्त्रीय नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या लेखकांत महाराष्ट्रात शेतावर काम करणाऱ्या अभ्यासकांबरोबर शिवमोग्याचे तेच शास्त्रज्ञ होते. म्हणजे सीमेपलीकडे माहिती जाऊ शकते आणि वेगाने जाऊ शकते. मात्र ती वैयक्तिक ओळखीतून गेली. ज्याला अशी ओळख नाही, त्या निपाणीच्या मका उत्पादकाने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही व्यवस्थेने दिलेले नाही.

जुन्या शब्दाआड नवी कीड

शेतकऱ्याला नवी कीड दिसत नाही, असे मुळीच नाही. त्याला ती सर्वांत आधी दिसते. अडचण पुढे सुरू होते. ‘लष्करी अळी’ हा शब्द मराठी शेतकऱ्याकडे २०१८ पूर्वीपासून आहे. थव्याने येऊन पीक फस्त करणाऱ्या देशी अळ्यांना तो वापरला जाई. कन्नडमध्येही ‘सैनिक हुळू’ असाच शब्द आहे. शेतकऱ्याने दूरध्वनीवर “मक्यावर लष्करी अळी आली” असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला ती जुनी वाटू शकते. जुन्या किडीवर जुना सल्ला मिळतो आणि नवी कीड जुन्या नावाच्या आडोशाने आणखी दोन आठवडे वाढत राहते. नंतर ‘अमेरिकन लष्करी अळी’ असे नाव रुळले, पण तोवर देशभर प्रसार झाला होता.

पांढरी माशी, मावा, फुलकिडे, गोगलगाय या प्रत्येक शब्दाचे असेच आहे. एका शब्दात जुने रहिवासी आणि नवे आगंतुक दोघेही मावतात. त्यांना वेगळे करणारी खूण सूक्ष्म असते. अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट रेघ असते आणि शेपटीजवळच्या खंडावर चौकोनात मांडलेले चार ठळक ठिपके असतात. या दोन खुणा माहीत असलेला दहावीतला विद्यार्थी मोबाइलवर एक नीट छायाचित्र काढू शकतो. कृषी अधिकाऱ्याच्या चार पानी अहवालापेक्षा त्या छायाचित्राचा शास्त्रज्ञाला अधिक उपयोग होऊ शकतो. स्वयंसेवकाकडून अपेक्षा एवढीच असते. त्याने “ही नेहमीची नव्हे” हे ओळखावे आणि तारीख, ठिकाण, पीक व छायाचित्र यांसह कळवावे. नाव ठरवणे तज्ज्ञाचे काम.

१५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. छायाचित्रावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने कीड ओळखण्याची सोय तीत आहे. ही सोय स्वागतार्ह आहे, पण तिची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. यंत्राला ज्या किडी शिकवल्या त्याच ते ओळखते. न शिकवलेली, पहिल्यांदाच आलेली कीड त्याला जुन्याच एखाद्या किडीसारखी भासण्याचा संभव असतो. नेमक्या त्याच क्षणी शंका घेणारा माणूस लागतो.

कोयता दिला, वही दिली नाही

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात डिसेंबर २०१९ मध्ये आशियातील महाकाय गांधीलमाशी आढळली. मधमाश्यांच्या पोळ्यांवर धाड घालणारी ही माशी तेथे स्थिरावली असती, तर मधुपालन आणि फळबागा दोन्ही संकटात आल्या असत्या. राज्याच्या कृषी खात्याने नागरिकांना सापळे लावण्यास आणि दिसलेली माशी कळवण्यास सांगितले. खात्याच्या म्हणण्यानुसार निश्चित झालेल्या नोंदींपैकी निम्म्या नागरिकांकडून आल्या आणि नष्ट केलेले प्रत्येक पोळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे नागरिकांच्या माहितीतूनच सापडले. डिसेंबर २०२४ मध्ये या माशीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. यात लोकांची सतर्कता जेवढी होती, तेवढीच खात्याची तत्परताही होती. कळवलेल्या नोंदीची तपासणी होत होती, कळवणाऱ्याला उत्तर मिळत होते.

आपल्याकडे स्वयंसेवक कमी आहेत, असे म्हणता येणार नाही. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेलेले आणि मराठी व कन्नड दोन्ही भाषिकांनी ‘काँग्रेस’ या एकाच नावाने ओळखलेले गाजरगवत आज देशभर पसरले आहे. कर्नाटकाने १९७५ मध्येच त्याला कायद्याने उपद्रवी तण ठरवले. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. शाळा-महाविद्यालयांतील मुले हातमोजे घालून तण उपटतात, छायाचित्रे निघतात, सप्ताह संपतो. एका झाडापासून हजारो, कधी पंचवीस हजारांपर्यंत बिया तयार होतात. सप्ताहानंतर ते कोठे पुन्हा उगवले आणि कोणत्या नव्या माळावर पोहोचले, याची नोंद क्वचितच होते. आपण स्वयंसेवकाच्या हाती कोयता दिला, नोंदवही दिली नाही.

नोंदीतून काय साधते, हे जंगलांच्या बाबतीत दिसून आले आहे. व्याघ्रगणनेच्या निमित्ताने वनरक्षक वाघांच्या खुणांबरोबर वनस्पतींचीही नोंद करतात. अशा सुमारे १ लाख ५८ हजार ठिकाणांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील जवळपास दोन-तृतीयांश नैसर्गिक क्षेत्राला आक्रमक वनस्पतींचा धोका असल्याचे त्यातून पुढे आले. घाणेरी आणि रानमोडी ही त्यांतील दोन प्रमुख नावे गोव्याला नवी नाहीत. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य आणि सत्तरीतील म्हादई अभयारण्य ही एकाच सह्याद्रीची दोन अंगे आहेत. रानमोडीचे केसाळ बी वाऱ्यावर उडते. त्याला वनखात्याची हद्द दाखवणारा दगड अडवत नाही.

एका शेतकऱ्यापुढे दोन दरवाजे

आता सीमाभागाचा प्रश्न. निपाणी तालुक्यातील मराठी भाषक शेतकरी कर्नाटकाचा नागरिक आहे. त्याच्यासाठी होबळीचे रयत संपर्क केंद्र आहे. निपाणीतच तंबाखूवरील संशोधन करणारे आणि संकेश्वरला उसावरील संशोधन करणारे धारवाड विद्यापीठाचे केंद्र आहे. व्यवस्था जवळ आहे. परंतु शासनाची पत्रके आणि सूचना प्रामुख्याने कन्नडमध्ये निघतात. हा शेतकरी बोलतो मराठी आणि वाचतो कोल्हापूरची वृत्तपत्रे. तेथून त्याला महाराष्ट्राच्या कृषी खात्याचे सल्ले कळतात. महाराष्ट्रात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ या नावाने कीड सर्वेक्षण चालते, पण निपाणीचे शेत त्यात येत नाही. म्हणजे ज्या व्यवस्थेची भाषा त्याला समजते, तिच्या नकाशावर त्याचे शेत नाही. ज्या व्यवस्थेच्या नकाशावर ते आहे, तिचे पत्रक त्याला सहज वाचता येत नाही. शेवटी तो कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराकडे जातो. दुकानदार मराठीत बोलतो, तत्काळ उत्तर देतो आणि बाटली हातात ठेवतो.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल जो लागायचा तो लागेल. मधल्या काळात किडीविषयीचे एक पत्रक दोन भाषांत छापले, तर कोणाच्याही दाव्याला बाध येत नाही. भाषा हा अस्मितेचा विषय आहेच. येथे मात्र तो प्रथम पिकाच्या सुरक्षेचा विषय आहे. मराठी शेतकऱ्याला न समजलेली सूचना शेजारच्या कन्नड शेतकऱ्याच्या शेतालाही वाचवू शकत नाही, कारण दोघांचा बांध एकच असतो.

पुढची परीक्षा कदाचित गोगलगायीची असेल. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. मूळ पूर्व आफ्रिकेतील ही गोगलगाय १८४७ मध्ये कोलकात्यात आणून सोडली गेली, अशी नोंद आहे. एक मादी एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते, असे म्हणणेही अपुरेच, कारण या गोगलगायीत नर-मादी वेगळे नसतात आणि प्रत्येक प्रौढ गोगलगाय अंडी घालू शकते. बेळगाव जिल्हा कर्नाटकातील सोयाबीनच्या प्रमुख जिल्ह्यांपैकी आहे. रोपवाटिकेतील माती, शेणखत, विटा, वाहनांची चाके यांबरोबर ती प्रवास करते. पहिल्या पावसात बांधावर दिसलेल्या पाच-दहा मोठ्या गोगलगायींची कोणी तत्काळ नोंद केली, तर त्या वेचून संपवता येतात. मात्र त्यांच्यात मेंदूला इजा करणारा कृमी असू शकतो, म्हणून त्या उघड्या हातांनी उचलू नयेत, हे स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

आक्षेप आणि भीती

लोकांच्या नोंदी अचूक नसतात, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. उत्साही निरीक्षक साध्या अळीलाही परदेशी ठरवू शकतो. रस्त्यालगतच्या नोंदी जास्त येतात, आतल्या शिवारातल्या कमी. परंतु छायाचित्र सक्तीचे केले आणि तज्ज्ञाच्या खातरजमेनंतरच नोंद ग्राह्य धरली, तर चुका गाळता येतात. २००८ मध्ये सुरू झालेले भारतीय जैवविविधतेचे सार्वजनिक संकेतस्थळ याच तत्त्वावर चालते. एकाने छायाचित्र ठेवायचे, जाणकारांनी ते पडताळायचे.

याहून मोठा अडथळा भीतीचा आहे. आपल्या टोमॅटोत नवी अळी आढळली, असे शेतकऱ्याने कळवले आणि गावाचे नाव बाहेर आले, तर व्यापारी दर पाडतील, या भीतीने तो गप्प बसतो. ही भीती निराधार नाही आणि तिला गोव्यासारखी बाजारपेठही जबाबदार असते. म्हणून नोंद करणाऱ्याचे नाव व शेत गुप्त राहील आणि नोंद करण्याचा परिणाम दंड नव्हे तर मदत असेल, याची हमी आधी हवी.

शब्दांचीही काळजी घ्यायला हवी. ‘परकी’ म्हणजे शत्रू नव्हे. निपाणीचा तंबाखू, संकेश्वरी मिरची, बेळगावचा बटाटा आणि गोव्याचा काजू यांची मूळ भूमी अमेरिका खंडच आहे. त्यांतील काही पिके पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि घरची झाली. बाहेरून आले एवढ्याने कोणी दोषी ठरत नाही, मोजायची ती हानी. ‘बाहेरचा’ हा शब्द जेथे माणसांच्या बाबतीत सहज उगारला जातो, त्या सीमाभागात हा विवेक अधिकच आवश्यक आहे.

करता येण्याजोगे

२०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात आक्रमक परक्या प्रजातींची आयात, व्यापार व बाळगणे यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. २०३० पर्यंत अशा प्रजातींचे आगमन व स्थिरावणे निम्म्याने घटवण्याचे उद्दिष्ट जागतिक जैवविविधता आराखड्यात आहे आणि भारताने ते मान्य केले आहे. पण बंदरावरचे नियंत्रण आणि शिवारातली नजर या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीसाठी नवा कायदा लागत नाही.

निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव येथील महाविद्यालये, साखर कारखान्यांचे शेती कर्मचारी, दूध संकलन केंद्रे आणि बाजार समितीतील हमाल ही तयार साखळी आहे. हमालाला कोणत्या टोपलीत काय वळवळते, हे अधिकाऱ्याच्या आधी कळते. त्यांच्यासाठी मराठी, कन्नड आणि कोकणी अशा तीन भाषांत एकच सचित्र पत्रक काढता येईल. त्यात पाच-सहा संभाव्य आगंतुक, त्यांच्यासारखे दिसणारे देशी जीव आणि दोघांतील फरक दाखवणारी खूण असावी. छायाचित्र पाठवण्यासाठी एक क्रमांक असावा आणि आठवड्याच्या आत त्याच भाषेत उत्तर मिळावे. धारवाडचे विद्यापीठ, कोल्हापूरचे ऊस व गूळ संशोधन केंद्र आणि जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था यांनी नोंदींची देवाणघेवाण केली, तर तीन राज्यांचा एकच नकाशा तयार होईल. प्रत्येक पंचायतीत कायद्यानुसार जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत देशी वनस्पतींप्रमाणे नव्या आगंतुकांचेही एक पान असायला हरकत नाही.

यात गोव्याने पाहुण्यासारखे दूर राहण्याचे कारण नाही. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळ बेळगावची भाजी खरेदी करते. खरेदीदार म्हणून दर व दर्जा यांबाबत ते बोलते, तसेच कीड-निरीक्षणाबाबतही बोलू शकते. जुने गोवे येथील संस्थेत पडताळणीची सोय आणि पत्रकांच्या छपाईचा खर्च ही तुलनेने अल्प गुंतवणूक आहे. तिचा मोबदला कमी फवारलेल्या भाजीच्या रूपाने गोव्यालाच मिळेल.

सीमाभागातील शेतकरी पाहतो, ओळखतो, शेजाऱ्याला सांगतोही. त्याचे म्हणणे आज बांधापर्यंत आणि फार तर कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपर्यंत पोहोचते. ते प्रयोगशाळेपर्यंत नेणे आणि तेथले उत्तर त्याच्या भाषेत परत आणणे हे काम शासनांचे आणि संस्थांचे आहे. २००२ मध्ये उसाने, २०१८ मध्ये मक्याने आणि २०२२ मध्ये सोयाबीनने उशिराची किंमत मोजली. पुढचे पीक कोणते, हे अद्याप ठरलेले नाही. पहिली नोंद कोठे पाठवायची, हे मात्र येत्या पेरणीआधी ठरवता येईल.